नंबर बरोबर, तरी चष्मा चुकीचा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

चष्म्याच्या काचा तयार करणाऱ्या तंत्रज्ञाच्या कामाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. त्याला बेळगाव शहराबरोबरच खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि संकेश्वर भागांतूनही पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. मी डोळे तपासणारा डॉक्टर नसून काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा तंत्रज्ञ आहे. त्यामुळे कोणाला कोणता नंबर असावा हे मी सांगणार नाही. ठरलेला नंबर डोळ्यांसमोर नीट पोहोचतो की वाटेतच बिघडतो, एवढ्यापुरतीच माझी उत्तरे आहेत.

प्रश्न (निपाणी): मी शिक्षक आहे. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना वजा 4.00 असून उजव्या डोळ्याला वजा 1.50 सिलिंडर, अक्ष 180 असा आहे. नवा चष्मा घेऊन तीन आठवडे झाले, तरी फरशी उतरती दिसते आणि दुपारनंतर कपाळ ठणकते. डॉक्टरांनी पुन्हा तपासून नंबर बरोबर असल्याचे सांगितले. दुकानदार म्हणतात, सवय होईल. मी काय करावे?

उत्तर: सवय होण्याचा काळ असतो, हे खरे आहे. सिलिंडरचा नंबर प्रथमच लागला असेल किंवा प्रोग्रेसिव्ह काच (लांब, मधले आणि जवळचे एकाच काचेतून, रेषेशिवाय दाखवणारी) प्रथमच घातली असेल, तर आठवडा-दोन आठवडे जमीन वरखाली वाटू शकते. परंतु तीन आठवड्यांनंतरही त्रास कमी होत नसेल आणि डॉक्टरांनी नंबराची खात्री केली असेल, तर सवयीची सबब पुरेशी नाही. अशा वेळी चष्माच तपासायला हवा.

कागदावरचा नंबर बरोबर असूनही चष्मा चुकू शकतो, याचे पहिले कारण म्हणजे काचेचे केंद्र. प्रत्येक काचेत एक जागा अशी असते की तेथून आलेला किरण न वळता सरळ जातो. ही जागा बाहुलीसमोर यावी लागते. ती सरकली की काच नंबराबरोबर प्रिझमचेही काम करू लागते आणि समोरची वस्तू आहे त्या जागेवरून हलल्यासारखी दिसते. किती हलते, याचा हिशोब सोपा आहे. केंद्र जितके सेंटिमीटर सरकले असेल त्याला काचेच्या नंबराने गुणावे, म्हणजे प्रिझमचे माप मिळते. आपल्या वजा 4.00 च्या काचेचे केंद्र बाजूला 3 मिलिमीटर, म्हणजे 0.3 सेंटिमीटर सरकले असेल तर 1.2 प्रिझम तयार होतो, आणि दोन्ही काचा विरुद्ध दिशांना तेवढ्याच सरकल्या असतील तर एकूण 2.4. ती तूट भरून काढण्यासाठी डोळ्यांचे स्नायू दिवसभर ताण घेत राहतात. वरखालीची चूक तर डोळ्यांना याहून फार कमी सहन होते. डावी काच उजवीपेक्षा केवळ 2 मिलिमीटर खाली बसली तरी 0.8 प्रिझमचा उभा फरक पडतो, आणि दोन डोळ्यांतली दृश्ये एकावर एक बसवताना माणूस हैराण होतो. कपाळ ठणकण्याचे कारण अनेकदा येथे सापडते.

दुसरे कारण अक्षाचे. सिलिंडरचा नंबर काचेत एका ठरावीक दिशेनेच काम करतो आणि ती दिशा अंशांत मोजतात. काच 5 अंशांनी फिरली तर सिलिंडरच्या सुमारे 17 टक्के नंबर चुकीचा शिल्लक राहतो, 10 अंशांनी फिरली तर सुमारे 35 टक्के, आणि 30 अंशांनी फिरली तर चष्मा न लावल्यावर जेवढा सिलिंडर उरला असता तेवढाच चष्मा लावूनही उरतो, फक्त वेगळ्या दिशेने. आपल्या 1.50 मध्ये 10 अंशांची चूक म्हणजे अर्ध्या नंबरची चूक. फरशी उतरती दिसण्याशी याचा थेट संबंध असू शकतो. फ्रेम गोल असेल तर काच पुसता पुसताही फिरते. शिवाय हल्ली पाणी आणि तेल न धरणाऱ्या लेपाच्या काचा इतक्या गुळगुळीत असतात की घासताना चाकाच्या दाबाने त्या, काच यंत्रात धरून ठेवणाऱ्या ब्लॉकवरच घसरतात, आणि ते घासणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. अशा काचेवर आधी चिकटपट्टीसारखी फिल्म लावून मग ब्लॉक चिकटवायचा आणि चाकाचा दाब कमी ठेवायचा, हा त्यावरचा उपाय आहे. घाईच्या दिवशी तोच राहून जातो.

आपण दुकानात जाऊन दोन गोष्टी शांतपणे मागाव्यात. दोन्ही काचा आपल्यासमोर लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर ठेवून नंबर आणि अक्ष वाचून दाखवावेत, ही पहिली. दुसरी म्हणजे त्याच यंत्राने काचांच्या केंद्रांवर शाईचे ठिपके द्यावेत. मग चष्मा नाकावर नेहमीच्या जागी बसवून लांब पाहावे आणि समोरच्या व्यक्तीला ठिपके कुठे येतात ते पाहायला सांगावे. ठिपके डाव्या-उजव्या बाजूने बाहुल्यांच्या बरोबर समोर आणि दोन्हीकडे सारख्या उंचीवर असावेत. फ्रेम खालच्या बाजूने गालाकडे झुकलेली असल्याने ते बाहुलीच्या किंचित खाली असले तर हरकत नाही. ते वाकडेतिकडे असतील, तर दुकानदाराने काच बदलून द्यावी ही मागणी न्याय्य आहे आणि ती करताना संकोच बाळगू नये. उलट ठिपके आणि अक्ष दोन्ही बरोबर निघाले, तर फ्रेम डोळ्यांपासून किती लांब बसते आणि किती कलते हे पाहावे. चारच्या वरच्या नंबरांत हे अंतर चार-पाच मिलिमीटरने बदलले तरी डोळ्याला मिळणारा नंबर बदलतो.

प्रश्न (खानापूर तालुका): मी पीयूसी (बारावी) सायन्स उत्तीर्ण आहे. बेळगावातील एका चष्म्याच्या दुकानात फिटिंग शिकण्याची संधी मिळते आहे. घरचे म्हणतात की आता सगळे यंत्रच करते, या कामाला भविष्य नाही. मला तपासणीचे कामही आवडते. कोणता मार्ग धरावा?

उत्तर: आपल्या पत्रात दोन वेगळी कामे एकत्र झाली आहेत. डोळे तपासून नंबर काढणे हे ऑप्टोमेट्रिस्टचे किंवा नेत्रतज्ज्ञाचे काम आहे. ऑप्टोमेट्रीची पदवी प्रात्यक्षिक प्रशिक्षणासह काही वर्षांची असते आणि पीयूसी सायन्स झाल्याने आपल्याला ती वाट खुली आहे. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यात ऑप्टोमेट्रिस्टचाही समावेश आहे. त्यामुळे तपासणीची खरोखर आवड असेल आणि घरची परिस्थिती तेवढी वर्षे थांबू देत असेल, तर पदवी घ्यावी. दुकानात बसून पाहून पाहून तपासणी शिकता येते, असे कोणी सांगितले तरी तो मार्ग धरू नये. चुकलेल्या तपासणीत काचबिंदूसारखा आजार नजरेतून सुटतो आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

परंतु फिटिंगचे काम दुय्यम आहे, असे मुळीच समजू नये. यंत्राविषयी घरच्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. नवे ऑटो एजर फ्रेमचा आतला आकार स्वतः टिपते आणि हिऱ्याच्या चाकावर काच त्या आकारात कापून कडेला बेव्हलही, म्हणजे फ्रेमच्या खाचेत बसणारी धारही काढते. हाताने चाकावर काच फिरवून आकार देण्याचे कौशल्य आता रोज लागत नाही. मात्र काचेचे केंद्र कोठे ठेवायचे, बायफोकलची रेषा किती उंचीवर घ्यायची, बेव्हल पुढे काढायचा की मागे, एखाद्या फ्रेममध्ये हा नंबर बसवूच नये, हे यंत्र ठरवत नाही. त्याला जे माप द्याल ते ते इमानाने कापते, चुकीचे माप दिले तर चुकीचेच.

एक उदाहरण देतो. फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूने 52–18 असे लिहिलेले असते. एका काचेची रुंदी 52 मिलिमीटर आणि मधला पूल 18, म्हणजे फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांतील अंतर 70 झाले. गिऱ्हाइकाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, ते 62 असेल तर 8 मिलिमीटरांचा फरक दोन काचांत वाटला जातो आणि प्रत्येक काचेचे केंद्र 4 मिलिमीटर नाकाकडे सरकवावे लागते. आता कोरी काच किती व्यासाची लागेल? फ्रेममधल्या काचेचा मध्यापासून कडेपर्यंतचा सर्वांत लांब भाग मोजून त्याची दुप्पट करावी. ती 56 आली असे धरू. त्यात सरकवण्याची दुप्पट म्हणजे 8 आणि कापण्यासाठी 2 मिळवले की 66 होतात. याचा अर्थ 65 मिलिमीटरची काच कोपऱ्यात अपुरी पडेल आणि 70 ची घ्यावी लागेल. हा हिशोब आधी न करणारा फिटर काच कमी पडल्यावर केंद्र हळूच बाहेर सरकवून काच बसवून देतो. निपाणीच्या वाचकांना होणारा त्रास अशाच ठिकाणी जन्म घेतो.

शिकताना लेन्सोमीटरवर बसण्याआधी हातात काच धरून नंबर ओळखायला शिकावे. काच डोळ्यांपासून हातभर लांब धरून तिच्यातून दाराची उभी चौकट पाहावी आणि काच डावीकडे-उजवीकडे हलवावी. चौकट काचेबरोबर त्याच दिशेने सरकली तर नंबर वजा, उलट सरकली तर अधिक. मग काच जागच्या जागी गोल फिरवावी. चौकटीची रेषा काचेत तिरकी होऊन कात्रीसारखी उघडत-मिटत असेल, तर सिलिंडर आहे. नंतर ज्ञात नंबरांच्या काचा एकेक वर ठेवत जाऊन जिच्यामुळे हालचाल थांबते, तिच्या उलट चिन्हाचा नंबर हातातल्या काचेचा. वीज गेली किंवा यंत्र बिघडले तरी हे ज्ञान उपयोगी पडते, आणि यंत्राने चुकीचा आकडा दाखवला तर संशय घेण्याची बुद्धी यातूनच येते.

शक्य झाल्यास काही महिने काचेची मागची बाजू घडवणाऱ्या प्रयोगशाळेतही काम करावे. तेथे पुढची बाजू तयार असलेली जाड ब्लँक, म्हणजे कोरी काच येते, जनरेटर नावाच्या कोरणाऱ्या यंत्रावर मागचा वक्र कोरला जातो, त्यानंतर बारीक घासणी आणि शेवटी चकाकी देण्याचे काम होते. फायबर, म्हणजे प्लास्टिकच्या काचेला अॅल्युमिनिअम ऑक्साइडची आणि खऱ्या काचेला सिरिअम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून वापरतात. हे सगळे एकदा डोळ्यांखालून गेले की काचेतली लाट, ओरखडा किंवा अपुरी चकाकी कोणत्या पायरीवर राहिली, हे ओळखता येते. आणखी एक सूचना, जी आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे: कानडी चांगली बोलायला आणि वाचायला शिका. बेळगावच्या काउंटरवर एकामागून एक मराठी आणि कानडी बोलणारी माणसे येतात आणि कोणत्या अंतरावरचे काम करता, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत विचारला तरच उत्तर नेमके मिळते.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): माझे वय 54. लांबचा नंबर नाही. चाळिशी वाढली म्हणून 2.25 चा बायफोकल करून दिला. वाचन छान होते, पण मागावर तुटलेला धागा ना वरच्या काचेतून दिसतो, ना खालच्या. पुन्हा पैसे घालून महागडा प्रोग्रेसिव्ह घ्यावा का?

उत्तर: ताई, आपल्या चष्म्यात दोष नाही आणि डोळ्यांतही नवीन काही बिघडले नाही. आपले काम ज्या अंतरावर आहे, ते अंतर चष्मा करताना कोणी विचारलेच नाही.

2.25 ची काच साधारण 44 सेंटिमीटरवर स्पष्ट दाखवते, कारण 1 मीटरला नंबराने भागले की ते अंतर येते. पुस्तक किंवा तांदूळ निवडण्याचे ताट याच अंतरावर असते. मागावर मात्र डोळ्यांपासून फणीपर्यंत किंवा कापडाच्या विणल्या जाणाऱ्या कडेपर्यंत 60 ते 70 सेंटिमीटर अंतर भरते. खालच्या काचेने तेवढे लांब दिसत नाही आणि वरच्या काचेत नंबरच नसल्याने तेवढे जवळचे दिसत नाही, म्हणून ताण्याचे धागे दोन्हीकडून पुसटच राहतात. 1.50 ची साधी, रेषा नसलेली काच सुमारे 67 सेंटिमीटरवर स्पष्ट असते. त्यामुळे आपल्याला बहुधा मागासाठी वेगळा साधा चष्मा लागेल आणि त्याचा खर्च प्रोग्रेसिव्हच्या मानाने पुष्कळ कमी येईल. मागावर नेहमीसारखे बसून किंवा उभे राहून डोळ्यापासून कापडापर्यंत टेपने अंतर मोजून घ्यावे, तो आकडा कागदावर लिहून तपासणीला न्यावा आणि या अंतराचा नंबर लिहून द्या, असे सांगावे. अचूक नंबर तेथेच ठरेल.

प्रोग्रेसिव्ह मी आपल्याला सुचवणार नाही. त्यात मधल्या अंतरासाठी मिळणारी पट्टी अरुंद असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दृश्य वाकडे होते. साडीचा पूर्ण पन्हा नजरेने या काठापासून त्या काठापर्यंत न्याहाळायचा असेल, तर प्रत्येक वेळी मान वळवावी लागते. बायफोकल घालून यंत्रमागांच्या मधून फिरतानाही जपावे, कारण खालच्या काचेतून पायाखालची पायरी आणि पडलेला धोटा पुसट दिसतो. वडगाव, शहापूर आणि खासबाग भागांतील दुकानांतून विणकरांचा चष्मा करताना अंतर मोजणे हा नियम व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. हे अंतर विचारायला अर्धे मिनिट पुरते.

प्रश्न (चिकोडी): माझ्या नववीतल्या मुलीला दोन्ही डोळ्यांना वजा 6.00 आहे. मोठी चौकोनी फ्रेम तिला आवडली आहे. काच जाड दिसू नये म्हणून 1.67 ची पातळ काच घ्या, असे सुचवले आहे. ती परवडणे कठीण आहे.

उत्तर: वजा नंबराची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते आणि कडेची जाडी रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1.67 हा नंबर नसून काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते याचे माप आहे; साध्या फायबर काचेचा तो 1.50 असतो. अशा साध्या काचेत वजा 6.00 साठी 60 मिलिमीटर व्यासावर मध्यापेक्षा कड सुमारे 5.4 मिलिमीटरने जाड होते, तर 50 मिलिमीटर व्यासावर सुमारे 3.75 ने. हीच 60 मिलिमीटरची काच 1.67 मध्ये केली तर फरक सुमारे 4 मिलिमीटर राहतो. म्हणजे लहान फ्रेममधल्या साध्या काचेत हा फरक मोठ्या फ्रेममधल्या महाग काचेपेक्षाही थोडा कमी असतो. फ्रेम लहान आणि गोलसर घ्यावी, काचेची रुंदी आणि पूल मिळून येणारी बेरीज मुलीच्या पीडीच्या जवळ असावी, म्हणजे केंद्र सरकवावे लागणार नाही आणि बाहेरची कड आणखी पातळ होईल.

शाळकरी वयात मी पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकच्या काचेला प्राधान्य देईन. तिचा अपवर्तनांक 1.586 आहे, ती वजनाला हलकी असते आणि चेंडू लागला तरी सहसा फुटून डोळ्यात जात नाही. तिला ओरखडे लवकर पडतात, म्हणून कडक लेप असलेलीच घ्यावी. निवडलेली फ्रेम मुलीच्या मनाला लागली असेल, हे समजते. तिला दोन्ही आकारांच्या कडांचा हा फरक पट्टीवर दाखवावा, ती नववीत आहे, तिला तो नक्की समजेल.

प्रश्न (अथणी): उन्हात काळी होणारी काच गाडी चालवताना काळी होत नाही. फसवणूक झाली का?

उत्तर: नाही. ती काच उन्हातल्या अतिनील किरणांनी गडद होते आणि गाडीची पुढची काच ते किरण बव्हंशी अडवते. शिवाय कडक उन्हाळ्यात गरम झालेली ही काच थंडीतल्यापेक्षा कमी गडद होते. गाडी चालवण्यासाठी नंबराचा वेगळा रंगीत चष्मा घेणे बरे.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): मी ग्राइंडरवर काम करतो. माझ्या नंबरच्या चष्म्याच्या काचांवर बारीक काळे ठिपके पडले आहेत, ते पुसून जात नाहीत. काचच आहे, म्हणून डोळे सुरक्षित आहेत असे मी समजतो.

उत्तर: ते ठिपके म्हणजे ग्राइंडरच्या ठिणग्या आहेत. तापलेले लोखंडाचे कण खऱ्या काचेला चिकटून तिच्यात रुततात. यामुळे दिसणे तर बिघडतेच, पण अधिक चिंतेची गोष्ट अशी की, जोराचा तुकडा लागला तर ही काच फुटून तिचे तुकडेच डोळ्यात जातील. नंबर पॉलिकार्बोनेटमध्ये करून घ्यावा. एवढ्यावरही थांबू नये, कारण नेहमीच्या फ्रेमला बाजूने आडोसा नसतो आणि कण बाजूनेही येतात. चष्म्यावरून बसणारा, बाजू झाकणारा सुरक्षा गॉगल ग्राइंडरवर असताना घालावा. पॉलिकार्बोनेट थिनरने किंवा अॅसिटोनने कधीही पुसू नये, तिला चिरा जातात. कारखान्यात हात पुसायच्या फडक्याला थिनर लागलेला असतोच, म्हणून चष्म्यासाठी वेगळे फडके ठेवावे.

प्रश्न (संकेश्वर): माझे घरातच छोटे फिटिंगचे दुकान आहे. 1.67 च्या काचा घासताना उग्र वास येतो. हल्ली काचेला ब्लॉक चिकटवणारे, म्हणजे ब्लॉकिंगचे जुने यंत्रही विकत घेण्याचा विचार आहे. या कामाचा तब्येतीवर परिणाम होतो का?

उत्तर: हा वास गंधकाचा आहे. 1.67 आणि 1.74 च्या बहुतेक काचांच्या द्रव्यात गंधक असते आणि चाकावर तापल्यावर ते वास सोडते. खोलीत वारा खेळता ठेवावा, चाकावर पाणी सतत वाहू द्यावे आणि कोरड्या चाकावर घासणे टाळावे. पाण्यातला चिकट गाळ रोज काढावा, दुसऱ्या दिवशीपर्यंत तो कुजल्यासारखा घाण वास मारतो आणि यंत्राची मोरीही तुंबवतो. कोरडी कड हाताने घासायचीच असेल तर नाकावर मास्क आणि डोळ्यांवर गॉगल असावा.

ब्लॉकिंगच्या यंत्राबाबत अधिक काळजी घ्यावी. जुन्या यंत्रांत सुमारे 47 अंशांवर वितळणारा मिश्रधातू वापरतात आणि त्यात बिस्मथ व कथिलाबरोबर शिसे आणि कॅडमिअमही असते. तो हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नये. त्याची भुकटी झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. आपले दुकान घरातच असल्याने त्याचे भांडे, चमचा आणि फडके स्वयंपाकघरात कधीही जाऊ देऊ नये आणि कामाचा सदरा घरच्या कपड्यांबरोबर धुवू नये. लहान मूल घरात असेल, तर हे यंत्र घेऊच नये असे मी म्हणेन. आपण फक्त तयार काचा फ्रेमच्या आकारात कापून बसवणार असाल, तर दोन्ही बाजूंनी चिकटणारे पॅड आणि प्लास्टिकचे ब्लॉक पुरतात आणि त्यात शिसे नसते.